ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

सकाळी 6.30

आज पाण्याचा दिवस. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात, आणि मार्च लागला की टँकरची वाट बघणारे पाडेही आमच्याच तालुक्यात. यावर पुष्कळ लिहून झालंय, मी नव्याने काही सांगत नाही. माझ्या धंद्याशी त्याचा संबंध एवढाच, की पाणी भरून झाल्याशिवाय मुली घराबाहेर पडत नाहीत. त्यामुळे दुकानात सकाळी मुलगे येतात आणि मुली अकरानंतर.

8.30

शटर वर केलं. माझं महा-ई-सेवा केंद्र किन्हवलीला. एका अंगाला शहापूर, दुसऱ्या अंगाला सरळगाववरून मुरबाड, म्हणजे दोन्ही तालुक्यांची गिऱ्हाइकं. सातबारा, दाखले, विमा, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स, फोटो. लोक केंद्र म्हणत नाहीत, ‘ऑनलाइनवाल्या ताई’ म्हणतात.

आज 26 मार्च 2025. पाडवा चार दिवसांवर आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या दुसऱ्या फेरीची मुदत 31 मार्चपर्यंत वाढवलेली. मुदत वाढली की लोक निवांत होतात आणि शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम उगवतात.

आल्या-आल्या पहिला गोंधळ निस्तरावा लागतो तो दोन योजनांचा. एक राज्याची : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जुलै 2024 मध्ये निघालेली. वय 18 ते 35, बारावीला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. तिला सगळे ‘लाडका भाऊ’ म्हणतात, त्यामुळे मुलींसाठी ती नाहीच असं समजून काहीजणी चौकशीलाही आल्या नाहीत. दुसरी केंद्राची : वय 21 ते 24, देशातल्या 500 मोठ्या कंपन्यांपैकी एखाद्या कंपनीत वर्षभर, महिना 5 हजार. त्यातले साडेचार हजार सरकारचे, पाचशे कंपनीचे. रुजू झाल्यावर एकदाच 6 हजार वेगळे. लोक दोन्ही एकत्र करतात आणि विचारतात, “ताई, ते दहा हजारवालं मोठ्या कंपनीत कुठं भरायचं?”

दहा हजारवालं बहुतेक सरकारी कचेरीत मिळतं. मोठ्या कंपनीतलं पाच हजारवालं.

9.15

टोकावड्याकडचा मुलगा मोटारसायकलवर आला. शिवळ्याच्या कॉलेजातून बीएस्सी झालेला, फाईल अशी नीट लावलेली की मलाच बरं वाटलं. आधार, मार्कशीट, फोटो, सगळं. फॉर्म मराठीतही भरता येतो, कागदांची भानगड कमी, वीस मिनिटांचं काम.

आधार नंबर टाकला. “ओटीपी सांग.”

“आला नाही.”

“आधारला कुठला नंबर आहे?”

इथे पोरं गप्प होतात. आधार काढलं तेव्हा तो सहावीत. घरात मोबाईल एकच, तोही काकाचा. काका आता भिवंडीत टेम्पो चालवतो. फोन लावला तर उचलेना. पुन्हा लावला, तर “गाडी चालवतोय, थांब.” थांबलो. ओटीपीची वेळ संपली. पुन्हा पाठवला. काकाने फोन केला आणि आकडे वाचून दाखवले ते बँकेच्या जाहिरातीतले. तिसऱ्यांदा जमलं. मधल्या वेळात तीन सातबारे काढून दिले.

वरून मी त्याला रागावले. आज केवायसी झाली, पण आधारचा ओटीपी लागेल तेव्हा प्रत्येक वेळी काकाची गाडी कुठे उभी आहे ते बघायचं का? आधार केंद्रावर जा, 50 रुपये भर, स्वतःचा नंबर लाव. “परीक्षा झाली की जातो,” म्हणाला. तलाठी भरतीची तयारी चालू आहे त्याची. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण अभ्यासिकेत आणि आमच्या दुकानात अजून तलाठीच.

11.00

एक बाई, कडेवर मूल. बाई कसली, तेवीस वर्षांची. माहेर मुरबाड तालुक्यात, सासर शेणव्याच्या पुढे. बीकॉमच्या मार्कशीटवर वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बँकेच्या पुस्तकावर पुन्हा माहेरचं, कारण ते खातं शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं.

तिला मी विचारलं, लग्नाची नोंद केलीय का ग्रामपंचायतीत? नाही. मग आधी ती नोंद, मग दाखला, तो दाखला जोडून बँकेतलं नाव. काही ठिकाणी राजपत्रात नावबदल मागतात, ते मी इथूनच करून देते. तिची एकच शंका, “आधारच पुन्हा माहेरच्या नावाचं केलं तर?” सोपं पडेल खरं. पण लाडक्या बहिणीचे पैसे सासरच्या नावावर येतायत, ते अडकले तर सासू काय म्हणेल?

दिवसभर माझ्याकडे जे काम येतं ते फॉर्म भरण्याचं नाहीच मुळी. फॉर्म शेवटी. त्याच्या आधी एकाच माणसाच्या कागदांची आपसात ओळख करून द्यायची असते. मार्कशीट आधारला ओळखत नाही, आधार बँकेला ओळखत नाही आणि मोबाईल तिघांनाही ओळखत नाही. शहरातल्या मुलाचे हे कागद आईवडिलांनी केव्हाच जुळवून ठेवलेले असतात. इथे ते पदवीनंतर, मुदतीच्या आठवड्यात जुळवायला लागतात.

12.15

धसईकडचे एक काका मुलाला घेऊन. हातात उत्पन्नाचा ताजा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यासाठी तहसीलला दोन खेपा झाल्या. केंद्राच्या योजनेत उत्पन्नाची अट आहे खरी, कुटुंबाचं वर्षाचं 8 लाखांच्या आत हवं. पण अर्जात ते स्वतःच जाहीर करायचं असतं, दाखला जोडायचा नसतो. हे सांगताना मलाच जड गेलं. “असू दे, ठेवा, कुठेतरी लागेल,” म्हटलं. कुठेतरी लागतोच.

त्यांची खरी भीती वेगळी होती. थोरला मुलगा एसटीत कायम आहे आणि बायको अंगणवाडी सेविका. ‘घरात सरकारी नोकरी असेल तर बाद’, असं कुणीतरी पारावर सांगितलेलं. नियम तसा आहे, पण या योजनेत कुटुंब म्हणजे अर्जदार, आईवडील आणि नवरा किंवा बायको. भाऊ त्यात धरत नाहीत. अंगणवाडी सेविका मानधनावर असते, तिची नोकरी कायम धरली जात नाही. काकांनी दोनदा विचारून खात्री केली, मग मुलाकडे बघून म्हणाले, “मी सांगत नव्हतो?” सांगत नव्हते.

धसई म्हणजे 2016 च्या नोटाबंदीत राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून पेपरात झळकलेलं. त्यांनी मला दहाची नोट दिली.

1.45

डबा. शेजारचा झेरॉक्सवाला आला, तो माझा स्पर्धक आणि मित्र. आमचा वाद ठरलेला. तो म्हणतो, भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला याच्यापेक्षा जास्त मिळतात, वर गाडी न्यायला येते, मग पाच हजारासाठी पदवीधर का जाईल? मी म्हणते, गोदामात पाच वर्षं काढलेल्याच्या हातात कागद काय असतो? त्याचं उत्तर, “आणि इंटर्नशिपच्या कागदावर नोकरी मिळते, हे कुठं लिहिलंय?” कुठेही लिहिलेलं नाही. जेवण संपलं.

2.30

दुपार खात्यांची. पैसे थेट खात्यात येतात म्हणजे आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात येतात. एका मुलीची तीन खाती निघाली : आश्रमशाळेतलं, कॉलेजातलं आणि बचत गटाच्या बायकांबरोबर उघडलेलं. यातलं आधारला कुठलं जोडलेलं, तिला पत्ता नाही. तपासलं तर आश्रमशाळेतलं, जे कित्येक वर्षं वापरात नाही. बँकेत जाऊन चालू करायचं तर अर्धा दिवस. मी सरळ पोस्टमनला फोन केला. पोस्टाच्या बँकेचं खातं तो अंगठा घेऊन जागेवर उघडतो आणि आधारही तिथेच जोडतो. उद्या येतो म्हणाला. माझ्या दुकानाच्या कमाईत याचा एक रुपया नाही, पण पोरीचा स्टायपेंड बंद पडलेल्या खात्यात गेला तर शिव्या मलाच.

3.40

लाईट गेली. इन्व्हर्टरवर एक कॉम्प्युटर चालतो, प्रिंटर नाही. सहाजण बाकावर, कुणी गेलं नाही.

त्यांत एक राज्याच्या योजनेतला प्रशिक्षणार्थी होता, कचेरीतलं टायपिंग झेरॉक्स करायला आलेला. सहा महिने पूर्ण होऊन घरी बसायची वेळ आली आणि याच महिन्यात पाच महिने वाढल्याची बातमी. म्हणजे एकूण अकरा. बाकावरच्यांनी त्याला घेरलं. काम काय असतं? “सगळंच. नोंदी, फोन, साहेबांचं पत्र, संगणकाचं तर सगळं माझ्याकडेच.” शिकायला मिळालं? “मिळालं की.” नंतर ठेवतील? तो हसला. अकरा महिने कचेरी चालवणाऱ्याला बाराव्या महिन्यात तिथे येणाऱ्या माणसासारखं दाराबाहेर उभं राहावं लागणार, हे मला पटत नाही. प्रशिक्षण आहे, नोकरी नाही, हे पहिल्याच कागदावर लिहिलेलं असतं, हे मान्य. पण काम नोकरीसारखं करून घेतलं की माणसाला नोकरीच वाटायला लागते.

एकाने मुख्यमंत्री फेलोशिपचं विचारलं. 2015 मध्ये सुरू झाली, पैसा चांगला, पण जागा अख्ख्या राज्याला साठच्या आसपास, पदवीला 60 टक्के आणि वर नोकरीचा एक वर्षाचा अनुभव. “अनुभवासाठीच तर इंटर्नशिप शोधतोय,” तो म्हणाला. बाकावर सगळे हसले, लाईट आली.

5.15

आता खरा भाग, कंपनी आणि ठिकाण निवडायचा. हे मी कधी घाईत करत नाही. आधी विचारते, घर कुठे, एसटी कितीला, परत यायला शेवटची कुठली.

शहापूरच्या बाजूचा असेल तर आसनगाव स्टेशन गाठता येतं. किन्हवलीहून एसटी, शहापूरहून शेअर रिक्षा, मग लोकल. ठाणं गाठेपर्यंत माणूस अर्धा झालेला असतो, पण गाठतो. खर्डी-आटगावचा असेल तर त्याला रेल्वे दारात. मुरबाडला मात्र अजून रेल्वे नाही. टोकावडे-धसईच्या मुलाने मुरबाडला यायचं, तिथून कल्याणची एसटी, तिथून पुढे कंपनी. मुलींना 2023 पासून एसटीला अर्धं तिकीट आहे, तो एक मोठा आधार. मुलग्यांना पूर्ण. कल्याणला खोली घ्यायची म्हटली तर पाच हजारात खोलीही होते किंवा जेवणही होतं, दोन्ही होत नाही.

केंद्राच्या योजनेच्या पहिल्या फेरीत देशभर सव्वा लाखावर जागा होत्या. 82 हजारांवर ऑफर गेल्या, 28 हजारांच्या आसपास मुलांनी त्या घेतल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांच्या आत. पोरांना इंटर्नशिप नको, असा याचा अर्थ काहीजण लावतात. त्यांनी सकाळी सहाला टोकावड्याच्या स्टँडवर उभं राहून बघावं. अर्जात जिल्हा निवडता येतो, राज्य निवडता येतं. त्या जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एसटी जाते का, याला रकाना नाही. ठाणे जिल्हा म्हटलं की कागदावर आम्ही आणि घोडबंदर रोड शेजारी.

म्हणून मी पहिली पसंती जवळची टाकायला लावते, कंपनीचं नाव छोटं वाटलं तरी. मुलं मोठ्या नावाकडे ओढली जातात, स्वाभाविक आहे. पण ऑफर आल्यावर नाही म्हणण्यापेक्षा आधीच पोचता येईल ते निवडलेलं बरं.

7.10

शेवटची मुलगी डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरची, वडील बरोबर. मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, शेवटचं वर्ष. कुणीतरी तिला ‘शिकत असशील तर चालत नाही’ असं सांगून परत पाठवलेलं. केंद्राच्या योजनेत पूर्णवेळ कॉलेज चालत नाही, पण दूरशिक्षण चालतं. ते ऐकल्यावर तिने ओढणीत धरलेली फाईल टेबलावर ठेवली.

ओटीपी तिच्या स्वतःच्याच मोबाईलवर आला. आज दिवसभरात असं क्वचितच झालं. नाव, जन्मतारीख, दहावी, बारावी पटापट. ठिकाणाच्या पानावर थांबलो. ठाणे शहरातली एक जागा, आणि एक जवळची, शहापूर-भिवंडी पट्ट्यातली, कारखान्याच्या ऑफिसातली.

वडलांनी विचारलं, “कंपनीची गाडी न्यायला येते का?”

“ते इथं कळत नाही, दादा. ऑफर आली की फोन करून विचारायचं.”

“फोन कोण करेल?”

“मी करीन,” मुलगी म्हणाली.

दोघं एकमेकांशी हळू बोलले. मग वडील म्हणाले, “दोन्ही टाका. जवळची वर.” टाकल्या. अर्जाची पोच काढून दिली. पैसे विचारले, तर म्हटलं, अर्जाला सरकार काही घेत नाही, माझे प्रिंटचे आणि भरण्याचे द्या. आणि मोबाईल रोज बघा, ऑफर आली तर मुदतीत हो किंवा नाही कळवायचं असतं.

“आमच्याकडे रेंज डोंगराच्या वर येते,” वडील म्हणाले.

“मग संध्याकाळी एकदा वर जाऊन यायचं,” मी म्हटलं. मुलगी म्हणाली, ती तशीही जाते, अभ्यासाचे व्हिडिओ उतरवून घ्यायला.