एका ताऱ्याच्या प्रतिमा किती?

एकच तारा एकाच वेळी आकाशात दोन-तीन ठिकाणी दिसू शकतो, हे विधान प्रथम ऐकताना कोणालाही खोटे वाटेल. मी बी. ए. च्या द्वितीय वर्षाची, तर्कशास्त्राची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरताच. तरीही या विषयाचा इतिहास वाचल्यावर तो आपल्या कला शाखेच्या वाचकांना सांगावासा वाटला. कारण त्यातील खरा पेच तर्काचा आहे.

प्रकाशकिरण सरळ रेषेत जातात असे आपण शाळेत शिकलो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार मात्र प्रचंड वस्तुमानाच्या जवळून जाणारा किरण किंचित वाकतो. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जागा मोजून एडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला पुरावा दिला. यापुढची गोष्ट ओघानेच येते. दूरचा तारा आणि आपण यांच्या मध्ये दुसरा तारा आला, तर दूरच्या ताऱ्याचा प्रकाश त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून आपल्यापर्यंत पोचतो आणि एकाच्या दोन प्रतिमा होतात. मधला तारा जणू भिंगाचे काम करतो. म्हणून याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. आइन्स्टाइनने १९३६ मध्ये यावर एक छोटा लेख लिहिला. पण असे दृश्य प्रत्यक्ष पाहायला मिळेल अशी त्याला आशा नव्हती. १९७९ मध्ये एका क्वेसारच्या दोन प्रतिमा सापडल्या. तेथे भिंग बनली होती एक संपूर्ण दीर्घिका.

आता प्रश्न असा : मध्ये एकाऐवजी दोन, तीन, चार तारे असतील, तर जास्तीत जास्त किती प्रतिमा होतील?

येथे बीजगणित पुढे येते. वर्गसमीकरणाला दोन मुळे असतात, हे आपण शाळेत घोकले आहे. बहुपदीचा घातांक जितका, तितकी मुळे, हा बीजगणिताचा मूलभूत सिद्धांत. गाउसने १७९९ मध्ये आपल्या प्रबंधात त्याची सिद्धता मांडली. यातील मुळे संमिश्र संख्या असू शकतात, आणि प्रत्येक संमिश्र संख्या कागदावरच्या एका बिंदूने दाखवता येते. आकाशाचा लहानसा तुकडाही असाच सपाट कागद मानला, तर प्रत्येक प्रतिमा म्हणजे त्यावरील एक बिंदू आणि भिंगाच्या समीकरणाचे एक उत्तर. परंतु या समीकरणात एका बाजूला दोन बहुपदींचा भागाकार असतो आणि दुसऱ्या बाजूला त्या बिंदूचे आडव्या रेषेच्या आरशातले प्रतिबिंब. आरसा आला की गाउसचा नियम चालत नाही. उत्तरे घातांकाहून अधिक निघू शकतात.

मग किती? चार ताऱ्यांच्या भिंगातून १७ पेक्षा अधिक प्रतिमा होणार नाहीत, एवढे १९९० पासून ठाऊक होते. सुन हाँग री या खगोलशास्त्रज्ञ स्त्रीने २००३ मध्ये एक रचना दाखवली. समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन सारखे तारे आणि मध्यभागी एक अगदी लहान वस्तुमान ठेवले, की १५ प्रतिमा मिळतात. ताऱ्यांच्या संख्येची पाचपट करून त्यातून पाच वजा करावेत, हीच कमाल मर्यादा असावी, असा तिचा अंदाज होता.

तर्कशास्त्र शिकणाऱ्याने येथे थांबावे. 'पंधरा होऊ शकतात' हे सिद्ध करायला एक उदाहरण पुरते. 'सोळा कधीच होऊ शकत नाहीत' हे सिद्ध करायला हजार उदाहरणेही अपुरी. पहिले विधान रीने सिद्ध केले होते. दुसरे उरले होते.

ते सिद्ध केले दिमित्री खाविन्सन आणि जेनेव्हरा न्यूमन या दोन गणितज्ञांनी. पण त्यांचे लक्ष आकाशाकडे नव्हतेच! गाउसचा सिद्धांत आरशाच्या समीकरणांपर्यंत किती ताणता येतो, हा त्यांचा शुद्ध गणिती प्रश्न. घातांक दोन किंवा अधिक असेल तेव्हा उत्तरे त्याच्या पाचपटीतून पाच वजा करून येणाऱ्या संख्येपेक्षा जास्त नसतात, हे त्यांनी दाखवले. मात्र ती संख्या प्रत्यक्ष गाठली जाते का, हे त्यांना माहीत नव्हते. लेख लोकांपुढे येताच एका वाचकाने त्यांना रीच्या कामाविषयी कळवले. अर्धे उत्तर तिच्याकडे, अर्धे यांच्याकडे, आणि दोघांना एकमेकांची वार्ता नाही! त्यांचा लेख २००६ मध्ये छापून आला.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे 'याचा पोटापाण्याला उपयोग काय?' हा प्रश्न मला नवा नाही, आणि तो विचारणाऱ्यांना मी हसतही नाही. पंधरा प्रतिमांचा उपयोग मलाही सांगता येणार नाही. दोन वस्तूंच्या भिंगाचा मात्र सांगता येतो. तारा आणि त्याचा ग्रह मिळून असे भिंग बनते. प्रतिमा होतात तीन किंवा पाच. त्या वेगळ्या दिसत नाहीत, पण तेज कसे वाढले-घटले यावरून न दिसणारा ग्रह ओळखता येतो. २००३ मधील निरीक्षणांतून असा एक ग्रह सापडलाही. गाउस प्रबंध लिहीत होता तेव्हा यातले काहीच कोणाच्या स्वप्नात नव्हते. त्याला तेव्हा कोणी उपयोग विचारला असता, तर त्याने काय सांगितले असते?