माणदेशांतील फुटबॉल : यंदा आशा कां धरावी?

'माणदेश' आणि 'फुटबॉल' हे दोन शब्द शेजारीं शेजारीं बसविले म्हणजे पुण्या-मुंबईकडील वाचकांस हंसूं येईल, हें मी जाणून आहें. आटपाडी म्हटलें कीं त्यांच्या डोळ्यांपुढें दुष्काळ उभा राहतो. फार तर मेंढरांचा बाजार आणि डाळिंबें. आणि वाङ्मयाची गोडी असलीच तर ग. दि. माडगूळकर व त्यांचे बंधु व्यंकटेश. फुटबॉल हा कोल्हापूरचा, गोव्याचा, नाहीं तर कलकत्त्याचा खेळ. तथापि आमच्या भागांतील एका महाविद्यालयाचा संघ यंदा शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांत उतरणार आहे, आणि गेल्या दोन वर्षांप्रमाणें पहिल्याच सामन्यांतून तो हात हलवीत परत येणार नाहीं, असें माझें मत झालें आहे. तें कशाच्या आधारावर, हें सांगण्याकरितां हा लेख.

प्रथम उणी बाजू सांगतों, म्हणजे माझें म्हणणें नुसत्या गांवाभिमानाचें वाटणार नाहीं. पहिल्या वर्षीं आमची मुलें पांच गोलांनीं हरलीं, दुसऱ्या वर्षीं दोन गोलांनीं. धांवलीं पुष्कळ; परंतु चेंडू जिकडे जाई तिकडे दहाहि गडी जात, आणि प्रतिपक्षाचा एखादा हुषार मुलगा मोकळ्या जागेंत उभा राहून त्याची वाट पाहत असे. दोघांचे बूट मध्यंतरापूर्वींच फाटले. गोलरक्षक बिचारा एकटा पडे.

आतां जमेची बाजू. महाविद्यालयीन संघाचें आयुष्य तीन वर्षांचें असतें, ही साधी गोष्ट प्रेक्षकांच्या ध्यानांत येत नाहीं. पहिल्या वर्षीं मुलगा भांबावलेला असतो, दुसऱ्या वर्षीं त्यास खेळ कळूं लागतो, आणि तिसऱ्या वर्षीं कळलेला खेळ पायांत उतरतो न उतरतो तोंच तो पदवी घेऊन निघून जातो. आमच्या अकरांपैकीं सातजण यंदा तिसऱ्या वर्षांत आहेत. पाठीमागच्या फळींतील चौघे तर तिन्ही वर्षें एकत्र खेळलेले. ज्या संघानें पांचांवरून दोनांवर आणलें, तोच जवळजवळ जसाचा तसा पुन्हां मैदानांत उतरत आहे.

दमाविषयीं आमच्या मुलांस कोणी शिकविण्याची गरज नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख. येथें पाण्यासाठीं, चाऱ्यासाठीं आणि शाळेसाठींहि चालावें लागे. टेंभू योजनेनें कृष्णेचें पाणी वर चढवून या तालुक्यांत आणलें, तेव्हांपासून शिवारें बदललीं. पायांची संवय मात्र अद्याप गेलेली नाहीं. शेजारच्या माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर हिनें २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गांठली. १९८४ सालच्या पी. टी. उषा यांच्यानंतर धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत अंतिम फेरीपर्यंत जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि आमच्या आटपाडी तालुक्यांतीलच करगणी गांवचे सचिन खिलारी! लहानपणीं एक हात अधू झालेला हा गृहस्थ. त्यानें ४ सप्टेंबर २०२४ रोजीं पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्यें १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविलें. आमचा गोलरक्षक त्याच बाजूचा, मेंढपाळाचा मुलगा आहे. कळपांतून फुटलेलें कोंकरूं आडवें जाऊन धरण्याची जी चपळाई, तीच त्याच्या उडींत दिसते.

व्यायामाची परंपरा तर येथें जुनीच आहे. आटपाडी महाल औंध संस्थानांत होता, आणि औंधचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, हें या मासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. नमस्कारांनीं दंड भरतात असें लोक समजतात. खरी कमाई आहे ती श्वासाची. पंचेचाळीस पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव खेळून शेवटच्या दहा मिनिटांत ज्याचा श्वास शाबूत, सामना त्याचा. आमचे क्रीडाशिक्षक वर्षभर रोज पहांटे मुलांकडून नमस्कार घालून घेत आहेत. संख्या सांगत नाहीं. सांगितली तर पालक घाबरतील.

औंध राज्याची दुसरी एक गोष्ट मला या संदर्भांत नेहमीं आठवते. १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना. कैद्यांस भिंतीवांचून, शेतीवाडी देऊन, विश्वासावर ठेवावयाचें. 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ सालचा शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरूनच सुचला. फुटबॉलशीं याचा काय संबंध, असें कोणी विचारील. आहे तो असा : आपल्या पायांतला चेंडू दुसऱ्याच्या हवालीं करणें हें आमच्या मुलांस फार जड जाई. ज्याच्याकडे चेंडू आला तो गोलाकडे धांवत सुटे आणि अर्ध्या वाटेंत गमावून बसे. दुसरा नीट खेळेल असा भरंवसा वाटत नसे. हा भरंवसा गेल्या वर्षभरांत उत्पन्न झालेला मी डोळ्यांनीं पाहिला आहे, आणि माझ्या आशेचें मुख्य कारण तेंच.

तो कोणामुळें आला, हें ऐकण्याजोगें आहे. खानापूर-आटपाडी बाजूचीं शेंकडों कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेलीं आहेत. जुने दागिने गाळून शुद्ध सोनें काढणें हें त्यांचें काम. अशाच एका कुटुंबांतील मुलगा. बाप मलबारांत दुकान चालवितो. मुलाचें बालपण तिकडे गेलें. मलबारांत भाताची कापणी झालेल्या शेतांतून सात सात गड्यांचे फुटबॉलचे सामने होतात आणि त्यास सारा गांव लोटतो. मैदान लहान, त्यामुळें लाथ मारून चेंडू दूर भिरकाविण्यांत अर्थ नसतो. जमिनीलगत, आंखूड अंतरावर, याच्याकडून त्याच्याकडे असा तो न्यावा लागतो. ही विद्या घेऊन हा मुलगा आजीजवळ शिकावयास आला. मराठी बोलतांना त्याचें लिंग-वचन अद्याप चुकतें. परंतु संघांत तो मध्यभागीं उभा राहिल्यापासून इतरांच्या खेळास कांहीं एक वाक्यरचना आली आहे. पूर्वीं नुसते शब्द होते.

आमच्या खडकाळ मैदानावर चेंडू फार उसळतो, म्हणून तर जमिनीलगत खेळणें अधिकच अवघड. येथें जो साधेल त्यास कोल्हापुरच्या हिरवळीवर तें सोपें जाईल, असा क्रीडाशिक्षकांचा हिशेब आहे, आणि मला तो पटतो. मे महिन्यांत हीं मुलें शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून कोल्हापुरास दोन सरावाचे सामने खेळून आलीं. पहिला तीन गोलांनीं गमावला. दुसरा बरोबरींत सुटला. कोल्हापूरशीं बरोबरी ही लहान गोष्ट नव्हे. तेथें कुस्तीच्या तालमींनींच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा हीं नांवें तेथील पोरासोरांच्या तोंडीं आहेत. २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत आपल्या देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहराचा. तेथील प्रेक्षकांची हुल्लड मात्र आमच्या मुलांनीं तेथेंच ठेवून यावी.

माझे एक संस्कृताभिमानी स्नेही म्हणतात कीं हा परकीयांचा खेळ. दंडीच्या 'दशकुमारचरितां'त राजकन्या कंदुकावती देवीच्या आराधनेसाठीं चेंडू खेळते, याची मीं त्यांस आठवण दिली. ती हातानें खेळते, असें त्यांचें उत्तर. बरें, २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्यांस दोन विरुद्ध एक गोलानें हरविलें, तेव्हां आपले बहुतेक गडी अनवाणी होते. ज्याचा खेळ त्यासच आपण अनवाणी पायांनीं शिकविला, तो परका कसा राहिला?

याहून वजनदार आक्षेप अभ्यासाचा आहे, आणि तो आपल्याच घरांतून येतो. आमच्या संघांत आपल्या समाजाचा एकहि मुलगा नाहीं. तीं मुलें कडेला पुस्तक घेऊन उभीं राहतात आणि गोल झाला म्हणजे टाळ्या वाजवितात. पालकांस मला एवढेंच विचारावयाचें आहे कीं संध्याकाळचा जो तास मैदानावर जातो, तो एरवीं खरोखरच पुस्तकांत जात होता काय? आतां तो कोठें जातो, हें प्रत्येक घरांतल्या उजेडलेल्या लहान पडद्याकडे पाहिलें म्हणजे कळतें. खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस जाऊन कांस्यपदक घेऊन आले. त्यांस पाठविण्यासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण टाकलें होतें. एवढें आम्हां कोणाकडून कोणी मागत नाहीं. अकरा जोड बूट हवे होते. नऊ जोडांची सोय निवृत्त मंडळींच्या वर्गणींतून झाली आहे. दोन राहिले आहेत.

उणीव उरली आहे ती आघाडीच्या फळींत. चेंडू गोलाजवळ नेण्यापर्यंत सारें यथासांग होतें, आणि तेथें पोंचल्यावर आमच्या मुलांस घाई सुटते. चोवीस फूट रुंद दरवाजा समोर असतांना चेंडू नेमका गोलरक्षकाच्या पोटावर कसा जातो, हें मला न सुटलेलें कोडें आहे. यावर उपाय म्हणून रोज सायंकाळीं दोन्ही खांबांशेजारीं एकेक मातीचें मडकें ठेवून नेम धरावयास लावतात. पहिल्या आठवड्यांत एकहि फुटलें नाहीं. मागील आठवड्यांत कुंभाराकडून नवीं आणावीं लागलीं.

एक काळजी मात्र आहे. मलबारांतून आलेल्या त्या मुलास बापानें दिवाळीपर्यंतचीच मुदत दिली आहे. पुढें दुकानाची भट्टी त्यास सांभाळावयाची आहे, आणि घरची ओढ पाहतां त्यांत बापाचा दोष नाहीं. मिरजेहून निघावयाचें तिकीटहि काढून झालें आहे. विभागीय सामने त्याच्या आंत उरकतील. परंतु संघ जिंकून आंतरविभागीय फेरींत गेला, तर ती तारीख तिकिटाच्या पुढें जाते. चार दिवसांपूर्वीं बापाचा मला फोन आला होता. मुलाच्या खेळाविषयीं तो अक्षरहि बोलला नाहीं. तिकीट रद्द केल्यास किती पैसे कापले जातात, एवढेंच त्यानें विचारलें.