सुपारी, उचल आणि ओवाळणीच्या नोटा

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर. कुठल्याही बाजारपेठेतून चालत गेलं की एखाद्या गाळ्यावर बँडची पाटी दिसतेच. आत भिंतीला ट्रंपेट टांगलेले, कोपऱ्यात ढोल, दोरीवर झालरीचे डगले वाळत घातलेले. पुण्या-मुंबईत गिटार घेऊन पबमध्ये वाजवणारी पोरं असतात, तसली मंडळी इथे शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. पण वाजवून पोट भरायचं कसं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. इकडचा माणूस तो पिढ्यान्‌पिढ्या सोडवतो आहे, इतकंच.

पबमधला हिशेब आधी सांगून टाकतो. तिथे बँडला कधी ठरलेली रक्कम मिळते, कधी दारावर जमलेल्या प्रवेशशुल्कातला वाटा, तर कधी नुसतं जेवण, दोन पेयं आणि ‘तुमचं नाव होईल’ हे आश्वासन. नव्या बँडला मालक पहिला प्रश्न विचारतो : किती माणसं आणाल? म्हणजे गाणंही बँडनं म्हणायचं आणि गिऱ्हाईकही बँडनंच गोळा करायचं. टेबलं रिकामी राहिली तर त्या रिकामेपणाचा भुर्दंड वाजवणाऱ्यावर.

लग्नाच्या बँडला हा प्रश्न कुणी विचारत नाही. माणसं जमवणं यजमानाचं काम. वऱ्हाड पाचशेचं येवो नाहीतर पन्नासचं, ठरलेला आकडा ठरलेलाच. तमाशातही ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदतात. जत्रेची सुपारी गावानं दिली की गल्ल्याची काळजी गावाला. तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावला की पाऊस, परीक्षा, निवडणूक सगळं फडमालकाच्या डोक्यावर. नारायणगावात गुढीपाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे येऊन जत्रांच्या तारखा पक्क्या करतात, ती सगळी धडपड या पहिल्या प्रकारासाठी असते.

लग्नाची सुपारी ठरते ती अशी. तिथी निघाली की घरातली दोन जाणती माणसं गाळ्यावर येतात. किती जणांची पार्टी, गाडी आणि गाणारा हवा का, नुसता परण्या (लग्नाआधी नवरदेवाची देवळापर्यंतची मिरवणूक) की वरातही, जेवण कुणाकडे, गाव किती लांब. घासाघीस होते, इसार दिला जातो, वहीत तारीख चढते. उरलेल्या पैशांतले निम्मे नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघण्याआधी आणि बाकी लग्न लागल्यावर, हा सर्वसाधारण रिवाज. जुने मालक ‘बाकी’ या शब्दाला भितात. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की बँडवाल्याची गरज संपते आणि नवरदेवाचा चुलता सापडेनासा होतो. मग माणसं मोजली जातात. बाराची पार्टी ठरली होती, अकराच दिसले, कापा एवढे. परण्याला दोन तास उशीर यजमानाकडूनच झालेला असतो, पण ते कुणी मोजत नाही. दाट तिथीला बँडची दुपारी एका गावी आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी सुपारी असते. पहिल्या मांडवातला उशीर दुसऱ्या मांडवात शिव्या खाऊन फेडावा लागतो.

पैसे वाटले कसे जातात? हिशेब कळावा म्हणून एक गोल आकडा धरू. खरा भाव गाव, तिथी आणि नावाप्रमाणे बदलतो. समजा, 30,000 रुपयांत बारा जणांची पार्टी ठरली. टेम्पो, डिझेल, जनरेटर आणि डोक्यावर दिव्यांची झुंबरं धरणाऱ्यांची मजुरी यात 6,000 गेले. वाद्यं, डगले, गाडी आणि गाळ्याचं भाडं ज्याच्या अंगावर, त्या मालकानं 8,000 ठेवले. उरले 16,000. चाल उचलणाऱ्या मास्तरला 2,800 दिले, तर बाकीच्या अकरा जणांना प्रत्येकी 1,200 येतात. हंगामात चाळीस तिथ्या मिळाल्या तर एका वादकाची वर्षाची कमाई 48,000. तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त उघडतात आणि चातुर्मास लागला की मिटतात. मधे गुरूचा किंवा शुक्राचा अस्त आला तर तेही दिवस कोरडे. शिवजयंती, 14 एप्रिलची मिरवणूक, गणपती आणि फेब्रुवारीत परभणीचा तुराबुल हक यांचा उरूस ही वरकड मिळकत. एरवी सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, गवंड्याच्या हाताखालचं काम.

म्हणून उचल आली, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. ऊसतोडीच्या मुकादमाकडून मजूर घेतो तशी तमाशातला कलावंत फडमालकाकडून हंगामाआधी उचल घेतो आणि मग हंगामभर तिथेच बांधला जातो. बँडच्या धंद्यातही चांगला ट्रंपेटवाला टिकवायचा म्हणजे त्याच्या घरच्या अडचणीला पैसे पुढे करावे लागतात. पुढे दर तिथीच्या वाट्यातून ते वळते होतात. मालकाला वाटतं आपण माणूस सांभाळला, वादकाला वाटतं आपण विकले गेलो. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.  

आता ओवाळणी. वरातीत नवरदेवाचे मित्र रंगात आले की नव्याकोऱ्या दहाच्या नोटा नवरदेवावरून ओवाळून बँडवाल्याकडे देतात. ही रक्कम सुपारीत धरलेली नसते आणि यजमानाच्या खिशातूनही जात नाही. ती मिळवण्याचं एक वेगळं कसब असतं. पैसेवाला मामा कोणता हे मास्तर पहिल्या दहा मिनिटांत हेरतो आणि त्याच्यापुढे त्याच्या आवडीचं गाणं लांबवतो. साइड ड्रमवाला नोट दातात धरून नाचू शकतो; ट्रंपेटवाल्याचं तोंड अडकलेलं, त्याला ती चैन नाही. त्यामुळे ओवाळणी सगळ्यांची मिळून की ज्याच्या हाती पडली त्याची, हे आधी ठरलेलं बरं. बँड फुटतात ते बहुधा याच नोटांवरून, सुरांवरून क्वचित. तमाशातला दौलतजादा याच जातीचा. पबमध्ये काउंटरवर ठेवलेली काचेची बरणी त्यापुढे फारच सोवळी.

सुपारीच्या आधीचा काळ कुणी सुखाचा समजू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त बलुत्याचा सारा कारभार नोंदलेला आहे. वाजवणं तेव्हा जातीला चिकटलेलं होतं. हलगी कुणी वाजवायची, देवळातला चौघडा कुणी, हे जन्मानंच ठरलेलं. मोबदला सुगीला, धान्यात, देणाऱ्याच्या मापानं. तारीख नाकारायची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांनी गावकीची कामं टाकली, त्यात मेलेलं ढोर ओढणं होतं तसं सक्तीचं वाजवणंही होतं. आज बँडवाला वही उघडून ‘त्या दिवशी जमणार नाही’ म्हणतो, या एका वाक्यासाठी लोकांनी मार आणि बहिष्कार सोसला आहे. घासाघीस करताना यजमानाला हे आठवत नाही.

गोंधळाचा हिशेब आणखी निराळा. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यामुळे इथला गोंधळ राज्यभर ठाऊक झाला. पण घरच्या गोंधळात देणं कुळाचाराचं असतं : दक्षिणा, शिधा, खण-नारळ आणि आरतीच्या ताटातली नाणी. तोच संच मंचावर गेला की ‘मानधन’ मिळतं, ते बँकेत जमा होतं आणि त्यासाठी थांबावं लागतं.

कायदा बँडच्या धंद्याला कुठे कुठे चांगली साथ देतो. लग्नाच्या वरातीत किंवा लग्नासंबंधीच्या समारंभात सिनेमाचं गाणं वाजवणं हा 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वभंग ठरत नाही. केंद्रानं जुलै 2023 मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं. पबला ही सूट नाही, तिथे परवाना लागतो. जीएसटीत लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराचं दीड लाखापर्यंतचं मानधन करमुक्त आहे. ‘झिंगाट’ वाजवणारा बँड लोककलेत बसतो का, यावर वकील वाद घालतील. पण सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या आत नोंदणीच लागत नाही, त्यामुळे परभणीच्या गाळ्यापर्यंत तो वाद पोचतच नाही. पोचतो तो 2000 सालचा ध्वनिप्रदूषण नियम. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. वरात साडेनऊला निघाली तर अर्ध्या तासात पोलिसाची शिट्टी, आणि यजमान म्हणतो, अर्धंच वाजवलं, अर्धेच घ्या.

डीजेनं कमाई खाल्ली, हे रडगाणं प्रत्येक गाळ्यावर ऐकायला मिळतं आणि ते खोटं नाही. डीजेला तीन-चार माणसं पुरतात, बाकी यंत्राचं भाडं. बारा माणसांचं पोट भरणाऱ्या धंद्याला हे गणित जमणारं नव्हे. त्यावर बँडनं काढलेला तोडगा म्हणजे गाडीवर की-बोर्ड, भोंगे आणि गाणारा. त्यात दोन क्लॅरिनेट आणि युफोनियम गळाले.

सगळ्यात मोठा घाव मात्र 2020 चा. देशभर टाळेबंदी सुरू झाली ती 25 मार्चला, नेमकी गुढीपाडव्याच्या दिवशी. जत्रा आणि लग्नसराई दोन्ही तोंडावर. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्यानं लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली. पंचवीस माणसांत बारा बँडवाले कोण मोजणार? तेव्हा घरोघर वाद झाला तो इसाराचा. परत द्यायचा की नाही? लंडनमध्ये 1861 साली सरे गार्डन्समधलं सभागृह पहिल्या कार्यक्रमाच्या सहा दिवस आधी जळालं, तेव्हा भरपाईचा असाच वाद कोर्टात गेला होता. दोघांचाही दोष नसताना करारच अशक्य झाला तर दोघेही मोकळे, असा निकाल 1863 मध्ये लागला. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं 56 वं कलम त्याच वळणाचं आहे आणि 65 वं कलम घेतलेला लाभ परत करायला सांगतं. पण इसार तोवर उचलीत गेलेला होता आणि उचल किराणा दुकानात. बहुतेकांनी ‘पुढच्या तिथीला वाजवून देतो’ यावर मिटवलं.

एकजुटीनं असे तंटे टळतील का? ब्रिटनमधल्या वादकांची संघटना 1893 मध्ये मँचेस्टरला उभी राहिली. उभी करणारा जोसेफ विल्यम्स हा नाटकाच्या वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवाला. पबमध्ये वाजवायचं तर किमान किती घ्यावेत, याचे दर ती संघटना आजही जाहीर करते. परभणीत तसा दरफलक निघाला तर दाट तिथीला पहिला मोडेल तो एखादा मालकच, अशी मला शंका आहे. पण दुसरी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत 2024 पासून महिना 5,000 रुपये मिळतात. वयाची पन्नाशी आणि कलेतली किमान पंधरा वर्षं लागतात, आणि ती वर्षं कागदावर दाखवावी लागतात. तोंडी सुपारीवर आयुष्य गेलेल्या क्लॅरिनेटवाल्यानं कागद आणायचा कुठून? लग्नपत्रिकेवर आजोबांपासून चिमुकल्यापर्यंत सगळी नावं छापतात, बँडचं छापत नाहीत. मालकानं प्रत्येक सुपारीला दोन प्रतींची पावती फाडावी आणि वादकांची नावं त्यावर लिहावीत. ‘बाकी’चा तंटाही त्याच पावतीवर मिटेल.