'सी' सर्टिफिकेट मिळालं म्हणजे साहेब झालो?

कॉलेजात तीन वर्षं एनसीसीची परेड केली, 'सी' सर्टिफिकेट हातात पडलं की पोरगं लष्करात साहेब होणारच, अशी अनेक घरांत समजूत असते. अमेरिकेत कॉलेजातलं आरओटीसीचं प्रशिक्षण पुरं करणाऱ्याला पदवीबरोबर अधिकारपद मिळू शकतं. आपल्याकडे तशी सोय नाही. एनसीसी अधिकारी घडवणारी अकादमी नव्हे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ती विद्यार्थ्यांची संघटना आहे. त्याच कायद्यानुसार कॅडेटवर लष्करी सेवेची सक्तीही नाही. तेव्हा 'नाव घातलंस तर लढाईवर धाडतील' ही आजीची धास्तीही सोडून द्यायला हरकत नाही.

मग 'सी'चा उपयोग काय? चांगलाच आहे, फक्त लोक दोन वेगळ्या वाटांची गल्लत करतात. पहिली वाट एनसीसी स्पेशल एंट्रीची. पदवीला ५० टक्के, 'सी'मध्ये किमान 'बी' ग्रेड आणि वय १९ ते २५ असेल, तर लेखी परीक्षा माफ. अर्जांच्या छाननीतून निवड झाली की थेट सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची मुलाखत. शाखा कुठलीही चालते. 'आर्ट्सवाल्यांना कोण घेतो' हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान. ही वाट मुलींनाही खुली आहे. दुसरी वाट डेहराडूनच्या लष्करी अकादमीची. तिथे सीडीएस (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षेतून भरायच्या १०० जागांपैकी १३ 'सी' सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखून ठेवतात, पण त्यांनाही यूपीएससीची लेखी परीक्षा द्यावीच लागते. माफी फक्त पहिल्या वाटेवर.

दोन्हीकडे खरी कसोटी एसएसबीची, आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याचबद्दल. जवानांच्या भरतीत १६०० मीटर धावावं लागतं, म्हणून पोरं पहाटे पळत सुटतात. पळावं, पुढे प्रशिक्षणात त्याचा उपयोग होतोच. पण एसएसबीत धावण्याची परीक्षा नसते. पाच दिवस माणूस पारखला जातो. एका चाचणीत साठ शब्द दाखवतात आणि प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहायला सांगतात. मैदानावर फळ्या, बल्ल्या आणि दोर देऊन गटाला अडथळे पार करायला लावतात. मानसशास्त्रज्ञ, गटचाचण्या घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. ती मतं शेवटच्या दिवशी एकत्र येतात. म्हणून काही क्लासवाले घोकून घेतात ती 'आदर्श' उत्तरं माझ्या मते पैशाची आणि वेळेची नासाडी आहे. कागदावर धाडसी आणि मैदानावर मागे मागे, ही विसंगती तीन जोडी डोळ्यांतून सुटणं अवघड. एकदा नापास झाल्याने दार कायमचं बंद होतं, हेही खोटं. वयात बसत असाल तर पुन्हा जाता येतं.

एसएसबीने शिफारस केली तरी पेढे वाटायची घाई नको. वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी अजून बाकी असते. त्यातून पार पडल्यावर स्पेशल एंट्रीवाल्यांचं खरं अधिकारी-प्रशिक्षण चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत (ओटीए) सुरू होतं: ४९ आठवड्यांचं, पदवीनंतर. 'तिथली फी परवडेल का?' असं पालक विचारतात. उलट प्रशिक्षणकाळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. ते संपलं की लेफ्टनंट. नेमणूक मात्र शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे दहा वर्षांची. ती आणखी चार वर्षं वाढू शकते किंवा निवड झाल्यास कायम होऊ शकते.

महाराष्ट्रातल्या मुलांनी महागड्या क्लासचे पैसे भरण्याआधी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करावी. राज्याचा सैनिक कल्याण विभाग तिथे एसएसबीची तयारी करून घेतो. राहणं, जेवण आणि प्रशिक्षण मोफत. 'सी' सर्टिफिकेट 'ए' किंवा 'बी' ग्रेडचं असेल आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केली असेल, तर तिथे प्रवेशासाठी अर्ज करता येतो. माहिती आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल.