नथ वैशाखात, तर नाक कार्तिकात

लग्न वैशाखात असेल आणि नथ टोचलेल्या नाकातच घालायची हौस असेल, तर नाक कार्तिकात टोचून घ्यावं. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या नेमकं उलट होतं. याद्या होतात, हॉल ठरतो, साड्या येतात आणि मुहूर्ताला पंधरा दिवस उरल्यावर एखाद्या मावशीला आठवतं की मुलीचं नाक टोचलेलंच नाही. मग मालवणच्या किंवा कुडाळच्या बाजारात सोनाराकडे धावपळ, आणि लग्नाच्या दिवशी सुजलेल्या लालबुंद नाकात मोत्यांची जड नथ. फोटोत नवरीचं हसू थोडं ओढलेलं दिसतं, ते सगळंच लाजेनं नसतं. नाकपुडीचं भोक आतून पक्कं व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. कार्तिक ते वैशाख हा हिशेब त्यातून येतो.

एवढे महिने कशाला, हे समजलं की पुढची सगळी काळजी आपोआप समजते. टोचणं म्हणजे आरपार जखम करणं आणि ती बुजू न देणं. मधे तार किंवा दांडी असल्यामुळे शरीराला ती जखम मिटवता येत नाही. म्हणून ते जखमेच्या आतल्या भिंतीला नव्या कातडीचं अस्तर लावत जातं. बोगदा जसा दोन्ही तोंडांकडून खणत आणतात, तसं हे अस्तर दोन्ही बाजूंनी आत सरकतं आणि मध्यभागी सर्वांत शेवटी पोचतं. तिसऱ्या आठवड्यात बाहेरून कान कोरडा, छान दिसतो, दुखतही नाही. आत मात्र जखम अजून उघडीच असते. नेमकं याच सुमाराला माणसं कानातलं बदलतात आणि आतलं कोवळं अस्तर फाटतं. कानातलं बदलल्यावर भोक चिघळल्याची तक्रार बहुधा इथून सुरू होते.

किती थांबायचं हे जागा ठरवते. कानाची पाळी ही कातडी आणि चरबी. रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांत काम होतं. भुवईलाही साधारण तेवढेच. जीभ तर त्याहून लवकर भरते, चार ते आठ आठवडे. बेंबीला सहा महिन्यांपासून वर्षभर लागू शकतं, कारण तिथे परकराची नाडी, जीन्सचं बक्कल आणि बसताना पडणारी घडी यांचं घर्षण चालूच असतं.

खरी अवघड जागा कानाच्या वरच्या कडेची. आजीची बुगडी तिथेच असायची, पेशवाई थाटाची भिकबाळीही वरच्याच भागात घालतात, आणि आज कॉलेजातली मुलं ज्याला हेलिक्स म्हणतात तीही तीच कड. तिथे कूर्चा आहे. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढंच पोषण तिला मिळतं. म्हणून भरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त. आणि जंतू शिरले तर त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी आणि पोटात घेतलेलं औषधही तिथे सहज पोचत नाही. पाण्यात आणि ओलीत राहणारा स्युडोमोनास नावाचा जंतू कूर्चेत शिरला तर काही दिवसांत ती विरघळवतो, आणि कानाचा आकार कायमचा चुरगळतो. पाळीच्या बाबतीत चालणारा निष्काळजीपणा इथे चालत नाही. पहिल्यांदाच टोचणाऱ्याला मी पाळीपासून सुरुवात करायला सांगेन. आपली कातडी कशी भरते, हे त्यातून कळतं.

पाळी टोचण्याची आपल्याकडची विद्या बरीच जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय या विषयालाच वाहिलेला आहे. बाळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असताना, शुक्लपक्षात, मुलाचा आधी उजवा आणि मुलीचा आधी डावा कान टोचावा. पाळी ओढून धरून सूर्याच्या उजेडात जिथे ती आरपार उजळते तिथेच सुई घालावी. चुकीच्या जागी शीर लागली तर काय काय होतं, तेही सांगितलं आहे. मग तेलात भिजवलेली वात घालायची आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड करत न्यायची. मोबाइलचा टॉर्च पाळीमागे धरून शिरा टाळणारा आजचा माणूस वेगळं काही करत नाही.

आपल्या घरांत मात्र कान अनेकदा बाराव्या दिवशी, बारशालाच टोचतात. इथे लसीकरणाचं वेळापत्रक जवळ ठेवून विचार करावा. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मल्यावर लगेच मिळतो, पण धनुर्वाताचं संरक्षण देणारी पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असते. आईनं गरोदरपणी धनुर्वाताची इंजेक्शनं घेतली असतील तर बाळाला थोडं कवच मिळालेलं असतं. तरी इतक्या लहान बाळाला साधा जंतुसंसर्गही भारी पडतो. तिन्ही डोस झाल्यावर, म्हणजे चौथा महिना उलटल्यावर टोचलं तर सुश्रुताचा सहावा महिनाही फार लांब राहत नाही. बारशाला पेढे वाटावेत, नाव ठेवावं. कान थांबू शकतात.

टोचायचं कोणाकडून? सोनाराचा हात हलका असतो, याबद्दल वाद नाही. सोन्याच्या तारेचं टोक तासून तो एका दमात पार करतो, तिथेच वळवून बाळी करतो, वर नारळ आणि दक्षिणा घेतो. तारच सुई असल्यामुळे भोक बारीक पडतं. उणीव आहे ती स्वच्छतेची. तार बोटांनी सरळ केलेली, टोक कानशीवर घासलेलं, फार तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलेलं. सोनाराकडेच जायचं तर नवी तार घ्या, ती आपल्यासमोर उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायला सांगा, त्याला हात साबणानं धुवायला लावा आणि नवे हातमोजे सोबत घेऊन जा. तो जरा हसेल, हसू द्या. उकळणं म्हणजे पूर्ण निर्जंतुकीकरण नव्हे, पण पुसण्यापेक्षा बरंच बरं.

शहरातल्या दुकानांत बंदूक असते. स्प्रिंगच्या जोरावर ती बोथट टोकाचं कानातलं पाळीतून ढकलते. पाळीपुरती, दर गिऱ्हाइकाला नवं सीलबंद काडतूस वापरत असतील तर ती चालवून घेता येते. कानाच्या वरच्या कडेला आणि नाकाला बंदूक लावू देऊ नये, कारण धक्क्यानं कूर्चा चिरडते, आणि प्लॅस्टिकची बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. सर्वांत चांगली पद्धत एकदाच वापरायच्या पोकळ, धारदार सुईची. ती गोव्यातल्या किंवा मोठ्या शहरांतल्या स्टुडिओत मिळते, आणि आपल्याकडेही काही त्वचारोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा डॉक्टर टोचून देतात. सुईचं पाकीट डोळ्यांदेखत फोडलं का, दागिना ऑटोक्लेव्हमधून आला का, एवढं विचारायला संकोच करू नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तिन्ही वापरलेल्या सुईतून पसरू शकतात. जत्रेतल्या स्टॉलवर, धुळीत आणि गर्दीत टोचून घेणं तर कटाक्षानं टाळावं.

धातूच्या बाबतीत आपला सोन्यावरचा विश्वास बराचसा रास्त आहे. ताज्या जखमेला सर्वांत जास्त त्रास निकेलचा होतो. एक ग्रॅमवाले दागिने म्हणजे पितळेसारख्या धातूवर सोन्याचा पातळ मुलामा. कोकणच्या घामात आणि खाऱ्या हवेत मुलामा उडतो आणि खालचा धातू जखमेला लागतो. भरलेल्या कानात सणापुरते घालायला ते छान, ताज्या भोकात नकोत. चांदीही नको, ती जखमेच्या ओलीत काळवंडते. बावीस कॅरेट मऊ असतं, त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते; म्हणून पहिल्या दागिन्याला चौदा किंवा अठरा कॅरेट बरं. त्यांचे हॉलमार्क ५८५ आणि ७५०, बावीसचा ९१६. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि चमकी किंवा बाळाची बाळी जवळपास नेहमी त्याच्या आत असते. म्हणजे इथे ओळखीच्या पेढीची पावती हाच पुरावा. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं, ते विचारून घ्यावं. स्टुडिओत वैद्यकीय दर्जाचं टायटॅनियम मिळतं. ज्यांच्या कातडीला घड्याळाच्या पट्ट्यानंही खाज सुटते त्यांनी तेच घ्यावं. पहिली दांडी जरा लांब असावी, कारण सूज येणार. सूज उतरल्यावर आखूड करून घ्यावी, नाहीतर ती हलत राहते आणि भोक तिरकं होतं.

आता रोजची निगा. ती कंटाळा येईल इतकी साधी आहे. साबणानं हात धुवायचे, दिवसातून एकदा-दोनदा औषधाच्या दुकानात मिळणारं नॉर्मल सलाइन स्वच्छ गॉजवर घेऊन पुढून-मागून लावायचं, मऊ झालेली खपली आपसूक निघेल तेवढीच काढायची, आणि जागा कोरडी करायची. कानातलं गोल फिरवत राहण्याचा जुना सल्ला विसरावा. फिरवल्यानं खपली आत ओढली जाते आणि अस्तर पुन्हा फाटतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशींनाही मारतात. खोबरेल आणि हळद? तेलामुळे तार चिकटत नसे आणि हळद थोडीफार जंतुरोधक आहे, म्हणजे आज्यांचा तर्क चुकीचा नव्हता. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तेलाच्या थरावर धूळ बसते. भोक भरल्यावर पाळीला खोबरेल खुशाल लावावं.

किनाऱ्यावर एक समजूत घट्ट आहे : खाऱ्या पाण्यान घाव सुकता. सलाइनही खारट आणि दर्याही खारट, मग फरक काय? सलाइनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं, शरीरातल्या द्रवाइतकंच. समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चौपट. ते पेशींतलं पाणी ओढून घेतं. शिवाय त्यात जंतू असतात, बंदराजवळ आणि खाडीच्या तोंडाशी अधिकच. मासळी हाताळणाऱ्यांसाठी तर आणखी एक कारण आहे. मासे आणि समुद्राच्या पाण्यातून जखमेत शिरणारे काही जंतू हट्टी गाठी करतात. मासे साफ करून तसाच हात कानाला लागला, की सगळी निगा वाया. चिवल्याला किंवा तारकर्लीला डुंबणं भोक भरेपर्यंत पुढे ढकलावं. स्कुबा शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मुखवट्याची रबरी कड नाकाभोवती घट्ट बसते. ताजी चमकी तिच्याखाली दबते, भुवईतली दांडी तर पाणीच आत घेते.

मोसमाचाही विचार करावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे दर्यावर जाणाऱ्या घरांना तोच काळ सोयीचा वाटतो. हात मोकळे, मासळी नाही. पण तेव्हाच पावसाचा जोर असतो, उशीचे अभ्रे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, केस ओलेच राहतात आणि ओल जंतूंना आवडते. पाळी टोचायची असेल तर तेव्हाही जमेल, अभ्रा इस्त्रीनं वाळवून रोज बदलला म्हणजे झालं. कूर्चा आणि नाक मात्र दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतच.

पहिले काही दिवस थोडी सूज, कोमट लाली आणि पांढरट-पिवळसर पातळ पाझर हे सगळं ठीक असतं; तो पू नव्हे. लाली पसरत गेली, ठणका लागला, घट्ट हिरवट पू आला किंवा ताप चढला, तर डॉक्टर. तेव्हा घाबरून दागिना ओढून काढू नये, कारण तोंड मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. नाकातल्या चमकीशेजारी उठणारा लाल मऊ फोड बहुतेक वेळा चमकी हलत राहिल्यानं येतो आणि हलणं थांबलं की बसतो. केलॉइड वेगळा : घट्ट, चकचकीत, जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा. घरात कोणाला लस टोचल्याच्या जागी किंवा ऑपरेशनच्या व्रणावर तसा आला असेल, तर टोचण्याआधीच विचार करा. नुसता कापून काढला तर तो बहुधा परत येतो. स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागतात.

जिभेबद्दल थोडक्यात. पहिले पाच-सहा दिवस ती इतकी सुजते की बोलणंही जड जातं, आणि तिरफळाचा बांगडा तर दोन आठवडे विसरायचा. नंतर दांडी आखूड केली नाही तर ती दातांवर आपटून टवके उडवते आणि हिरडी खाली सरकवते. मला तरी हा सौदा परवडणारा वाटत नाही. रक्तदान करणाऱ्यांनी, कुठेही टोचलं असलं तरी, त्यानंतर बारा महिने थांबायचं असतं. शिबिरात हा प्रश्न विचारला तर खरं सांगावं.

आणि भोक ओघळलं तर? वर्षानुवर्षं जड कुड्या किंवा झुबे घातल्यानं अनेक आज्यांच्या पाळ्या लांब चिरल्यासारख्या होतात, कधी लहान मूल हिसका मारतं आणि पाळी फाटते. जड दागिन्याला केसांत अडकवायचे वेल त्यासाठीच असतात. ते रोज लावावेत, फक्त समारंभाला नव्हे. फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती सुश्रुतसंहितेच्या त्याच अध्यायात दिल्या आहेत. आज प्लॅस्टिक सर्जन ती जागा बधिर करून कडा ताज्या करतो आणि टाके घालतो. घरी जाता येतं. पुन्हा टोचायचं तर काही महिने जाऊ द्यावेत, आणि नवं भोक जुन्या व्रणावर न घेता थोडं बाजूला घ्यावं. व्रणाची कातडी वजन पेलत नाही.