कापराने ऑक्सिजन वाढत नाही

लेहला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात बाकरवडीच्या पुड्याशेजारी कापराची डबी बहुधा असतेच. धाप लागली की हुंगायचा, म्हणजे ऑक्सिजन वाढतो, असे आधी जाऊन आलेल्यांनी सांगितलेले असते. कापूर हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, हे खरे. पण तो नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर झालेला परिणाम. प्रयोगात मोजून पाहिले तेव्हा नाकातला हवेचा अडथळा तसूभरही घटला नव्हता. वाईट हे, की जरा बरे वाटल्यावर माणूस दुखणे अंगावर काढतो. शिवाय लहान मुलाने तो कापूर गिळला, तर झटके येऊ शकतात.

लडाखचे उघडे डोंगर पाहून दुसरी समजूत होते : झाडे नाहीत म्हणून ऑक्सिजन कमी. वास्तविक हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण जुहूच्या किनाऱ्यावर सुमारे 21 टक्के असते आणि खारदुंग ला खिंडीतही तेवढेच. उतरतो तो हवेचा दाब. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे; तिथला दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. खारदुंग ला 5,300 मीटरच्या वर. तिथे तो जेमतेम निम्मा. म्हणजे छाती भरून श्वास घेतला तरी ऑक्सिजनचे रेणूच कमी आत येतात. तिथे घनदाट जंगल असते तरी यात फरक पडला नसता.

या तुटवड्याला शरीर जे उत्तर देते ते थक्क करणारे आहे. मानेतल्या धमन्यांपाशी तांदळाच्या दाण्याएवढे दोन अवयव असतात. रक्तातला ऑक्सिजन घटल्याचे त्यांना लगेच कळते आणि श्वास खोल, जलद होतो. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. या ओढाताणीत रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबतो, मग धापेसारखा सुरू होतो. शेजारी झोपलेला घाबरून उठतो. हळूहळू मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात आणि लगाम सैल होतो. या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी खऱ्या अर्थाने वाढायला तर कित्येक आठवडे.

विरळ हवेच्या त्रासावर घेतात ती 'डायमॉक्स'ची गोळी फक्त त्रास झाकते, ही समजूत इथेच खोटी ठरते. मूत्रपिंडांचे हेच काम ती लवकर करवते. अर्थात ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावे.

"मी रोज पळतो, मला काय होणार?" हे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते. 1962 च्या युद्धानंतरच्या काळात उंचावर पाठवलेल्या 1,925 जवानांना विरळ हवेमुळे झालेल्या विकाराचा अभ्यास भारतीय लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केला. हे सगळे कसलेले शरीर असलेले लोक होते. सह्याद्रीतली तयारी पायांना उपयोगी पडते, पण आपले कळसूबाईच 1,646 मीटरचे. विरळ हवेचा सराव तिथे होत नाही.

रस्त्याने गेले की शरीर आपोआप सरावते, हेही अर्धेच खरे. श्रीनगर-कारगिल मार्गावर मुक्काम टप्प्याटप्प्याने चढतात. मनालीहून निघून पहिलीच रात्र सरचूला, म्हणजे 4,200 मीटरच्या वर काढली, तर विमानाने लेहला उतरलेल्यापेक्षाही जास्त हाल होतात.

डोकेदुखी, मळमळ, थकवा असेल तर तिथेच थांबावे, आणखी चढू नये. पण पाय अडखळू लागले, सरळ रेषेत चालता येईना, बोलणे असंबद्ध झाले, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर मेंदूला सूज किंवा फुप्फुसांत पाणी असे समजून रात्र असली तरी खाली उतरवावे आणि मिळेल तिथे ऑक्सिजन लावावा. पांगाँग सरोवराच्या काठी हे लगेच खाली उतरणे साधत नाही. तिथून लेहला परतायच्या नेहमीच्या रस्त्यावर आधी चांग ला खिंड चढावी लागते, ती पाच हजार मीटरहून उंच. म्हणून सरोवराकाठचा तंबूतला मुक्काम लेहमधल्या दोन-तीन रात्रींनंतरच ठेवावा, आणि निघायच्या सकाळी डोके दुखत असेल तर लेह सोडू नये.