एकवचन, अनेकवचन आणि बाबांचा मान

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी आज कळसाडीत इंग्रजी क्रियापदावर बोलणार आहे. कारण ज्या चुकीवर मुलांच्या वहीत हमखास लाल रेघ पडते, ती चूक मूर्खपणातून नाही, विचारातून होते.

शाळेत मी लिहिलं होतं, 'माय फादर हॅव गॉन टू द फार्म.' छडी मिळाली. का चुकलं ते कोणी सांगितलं नाही. आता बघा, घरी आपण म्हणतो, 'बाबा शेतात गेले आहेत.' बाबा एकच, पण क्रियापद अनेकवचनी. हे आदरार्थी बहुवचन. मी तेच इंग्रजीत नेलं. इंग्रजी क्रियापद मात्र इथे मान पाहत नाही, फक्त संख्या पाहतं. राजा असो की गुराखी, 'हॅज'च. आणि आईला आपण काय म्हणतो? 'आई शेतात गेली आहे.' एकवचन! इंग्रजीत दोघांनाही एकच माप.

दुसरी अडचण. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने आंबे खाल्ले'. इथे क्रियापद रामाकडे बघतच नाही, आंब्यांकडे बघतं. हा कर्मणी प्रयोग; मोरो केशव दामले यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांची सविस्तर चर्चा केली आहे. या सवयीने मूल लिहितं, 'राम हॅव ईटन टू मँगोज.' आंबे दोन, म्हणून 'हॅव'. पण इंग्रजी क्रियापद कर्त्याशी बांधलेलं आहे. राम एक, म्हणून 'हॅज'.

तिसरी गोष्ट त्या 'स'ची. 'बॉय'ला 'स' लावला की अनेक मुलं होतात. 'प्ले'ला लावला की खेळणारा एकटा उरतो. मूल गोंधळणारच. हे दोन 'स' मुळात वेगळे आहेत. पूर्वी इंग्रजीत 'ही गोएथ' म्हणत. पुढे उत्तरेकडच्या बोलीतला 'स' त्या जागी आला आणि 'ही गोज' झालं. नामाच्या 'स'शी त्याचं नातं नाही.

मग करायचं काय? सोपं आहे. आधी 'कोण?' विचारा. कर्ता सापडला की त्याच्या जागी 'ही', 'शी', 'इट' किंवा 'दे' ठेवून बघा. 'द बास्केट ऑफ मँगोज' म्हणजे टोपली, म्हणजे 'इट'; म्हणून 'इज'. आंबे कितीही असोत, कर्ता टोपलीच.

आपल्या भागात मूल घरी भिली किंवा अहिराणी बोलतं, शाळेत मराठी शिकतं, आणि २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजीही आहे. म्हणजे सहा वर्षांचं पोर तीन भाषांचे नियम सांभाळतं. तेव्हा शिक्षकांनो, पालकांनो, लाल रेघ जरूर मारा. पण त्याआधी एकदा विचारा, 'बाळा, असं का लिहिलंस?' उत्तरात बहुतेक वेळा एक नियमच सापडेल. फक्त तो दुसऱ्या भाषेचा असेल.